दागिने गहाण ठेवून वर्षाचे डिझेल भरावे का?

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यातील आवश्यक तेवढा भाग येथे देत आहे.

"आमची सहा एकर शेती आहे. भात, ऊस आणि थोडी रताळी घेतो. पती आणि धाकटे दीर मिळून घरचा ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर चालवतात आणि घरचे काम आटोपले की गावात भाड्यानेही जातात. वर्षाला साधारण २,००० लिटर डिझेल लागते. दर वाढणार अशी चर्चा गावात सुरू झाल्यापासून वर्षाचे डिझेल एकदमच भरून ठेवावे असे दोघांच्या मनाने घेतले आहे. त्यासाठी माझे दागिने वर्षाला १२ टक्के व्याजाने गहाण ठेवायचे, जुनी दहा बॅरल प्रत्येकी १,२०० रुपयांना घ्यायची आणि ती स्वयंपाकघराला लागून असलेल्या पडवीत ठेवायची, असे ठरत आले आहे. चार बॅरल घरी आलीसुद्धा. शेजारचे दोघे आपलेही डिझेल आमच्याकडेच ठेवू म्हणतात. चूल पडवीपासून आठ-दहा हातांवर आहे आणि घरात दोन लहान मुले आहेत. हे कायद्यात बसते का, यात खरोखर फायदा आहे का, आणि नसेल तर घरात वाद न होता मी कसे सांगावे?"

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नांचे उत्तर आधीच स्पष्ट सांगतो, कारण बॅरल घरी येऊ लागली आहेत आणि फार वेळ उरलेला नाही. दागिने गहाण ठेवू नयेत. पडवीत एकही बॅरल ठेवू नये. मात्र तुमच्या घरातल्या दोघांच्या मनातली काळजी अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. पावसाळ्याच्या तोंडावर लागवडीपुरते दोन बॅरल डिझेल घरच्या पैशातून आणून योग्य जागी ठेवणे शहाणपणाचे आहे. दोन बॅरल आणि दहा बॅरल यांत पाचपटीचा फरक दिसतो, पण पहिल्या गोष्टीत शेतकरी आपल्या कामाची तरतूद करतो आणि दुसरीत तो कर्ज काढून दरावर पैज लावतो.

आता हिशेब पाहू. सोयीसाठी दर लिटरला ९० रुपये धरू. २,००० लिटरचे १,८०,००० रुपये होतात. एवढ्या रकमेवर १२ टक्क्यांनी वर्षाचे व्याज २१,६०० रुपये होते. म्हणजे प्रत्येक लिटरवर १० रुपये ८० पैसे. दहा बॅरलचे १२,००० रुपये, म्हणजे लिटरमागे आणखी ६ रुपये. बॅरल पुढेही वापरता येतील किंवा विकता येतील म्हणून तो खर्च सोडून दिला, तरी केवळ व्याज भरून निघण्यासाठी डिझेल तुम्ही भरल्याच्या दुसऱ्याच दिवशी सुमारे ११ रुपयांनी वाढले पाहिजे आणि वर्षभर तसेच राहिले पाहिजे. दर हळूहळू वाढला तर हिशेब आणखी बिघडतो, कारण वाढीपूर्वी जाळलेल्या डिझेलवर तुमचा काहीच फायदा झालेला नसतो, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चालू असते. तुम्ही भाड्याच्या कमाईतून दरमहा थोडे थोडे मुद्दल फेडत गेलात तर व्याज जवळजवळ निम्म्यावर येईल हे खरे. पण सोन्यावरचे कर्ज असे महिन्याच्या महिन्याला फेडणारी घरे मी फार थोडी पाहिली आहेत. बहुतेक ठिकाणी ऊसबिल येईपर्यंत ते तसेच राहते आणि बिल आले की त्याला दुसऱ्या वाटा फुटतात.

मग दर प्रत्यक्षात किती वाढतो? कर्नाटकात १५ जून २०२४ रोजी राज्याचा विक्रीकर वाढला तेव्हा डिझेल लिटरला सुमारे ३ रुपयांनी महागले. १ एप्रिल २०२५ रोजी पुन्हा कर वाढला तेव्हा वाढ २ रुपयांची होती. अलीकडच्या आठवणीतली सर्वांत वेगवान वाढ २०२२ सालची. २२ मार्चपासून ६ एप्रिलपर्यंत सोळा दिवसांत डिझेल सुमारे १० रुपयांनी चढले, आणि तेव्हाही लोक असेच बॅरल शोधत फिरत होते. परंतु त्याच वर्षी २१ मे रोजी केंद्र सरकारने उत्पादन शुल्क ६ रुपयांनी कमी केल्याचे जाहीर केले आणि दुसऱ्या दिवशी दर उतरला. एप्रिलमध्ये चढ्या दराने साठा केलेल्यांची बॅरल त्या दिवशी भरलेलीच होती.

दर उतरण्याचा धोका कोणी बोलत नाही, म्हणून मी तो मुद्दाम मांडतो. २०२१ सालची दिवाळी आठवा. ४ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजनाच्याच दिवशी, केंद्राने डिझेलवरील शुल्क लिटरला १० रुपयांनी घटवले आणि त्यापाठोपाठ कर्नाटक सरकारने आपला कर ७ रुपयांनी कमी केला. एका दिवसात लिटरमागे १७ रुपयांहून अधिक फरक पडला. ज्याच्या घरी त्या रात्री २,००० लिटर डिझेल भरलेले असेल, त्याच्या मालाची किंमत सकाळपर्यंत ३४,००० रुपयांनी कमी झाली असेल, आणि त्याखाली घेतलेले कर्ज मात्र एका पैशानेही कमी झाले नसेल. डिझेलच्या किमतीचा मोठा भाग कराचा असल्यामुळे हे असे होते. जागतिक बाजारात तेल महागले तरी सरकार कर घटवून दर थोपवू शकते, आणि तेल स्वस्त झाले तरी कर वाढवून तो खाली येऊ देत नाही. पंपाच्या पाटीवरचा आकडा कोणत्या दिवशी कोणत्या बाजूला जाईल हे तुम्हाआम्हाला खेड्यात बसून सांगता येणार नाही.

साठा करण्याची ही ओढ आपल्याकडे जुनी आहे आणि एके काळी ती योग्यही होती. डिझेलचा दर सरकार ठरवीत असे तेव्हा तो बरेच महिने स्थिर राही आणि मग एका रात्रीत चढे. आदल्या संध्याकाळी बातमी लागली तर दोन बॅरल भरून घेणाऱ्याचा फायदा ठरलेला असे. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले आणि १६ जून २०१७ पासून देशभर रोज सकाळी सहा वाजता नवा दर लागू करण्याची पद्धत आली. तुमच्या सासऱ्यांच्या पिढीने केलेली गोष्ट त्या काळी चुकीची नव्हती, आज तिच्याखालची जमीनच बदलली आहे, असे घरात सांगितलेत तर कोणाचा मान दुखावणार नाही.

दरवाढीपासून तुटवडा वेगळा काढून पाहावा, कारण माझ्या मते तुमच्या गावासाठी खरी काळजी तुटवड्याची आहे. मृगाचा पाऊस धरला की चिखलणीचे दिवस मोजकेच मिळतात. त्या दिवसांत लहान नाल्यांवरचे पूल पाण्याखाली गेले, झाडे पडून रस्ता अडला किंवा पंपावर टँकरच पोहोचला नाही, तर लिटरला तीन रुपये वाचले की गेले याला काही अर्थ उरत नाही. तरवा, म्हणजे लावणीची भातरोपे, वाढून जातो आणि लागवड हातची जाते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये वेदगंगेचे पाणी निपाणीजवळ यमगर्णी येथे महामार्गावर आले आणि पुणे–बेंगळूर वाहतूकच थांबली होती. महामार्गाची ही गत, तर आडवाटेच्या गावांचे काय सांगावे? म्हणून जून-जुलैच्या कामाला लागणारे ४०० लिटर डिझेल आधीच घरी असावे, असे मी तुम्हाला आग्रहाने सांगतो. एक बॅरल आता भरावे, दुसरे रोहिणी नक्षत्र संपता संपता. त्याचे ३६,००० रुपये दोन टप्प्यांत भाड्याच्या पैशातून उभे राहू शकतात. कमी पडले तर एकच बॅरल भरावे, पण दागिन्यांना हात लावू नये.

कायद्याचा प्रश्न थोडक्यात सांगतो. १९३४ च्या पेट्रोलियम अधिनियमानुसार डिझेल 'ब' वर्गात मोडते. या वर्गातील इंधन एका ठिकाणी एकूण २,५०० लिटरपर्यंत आणि १,००० लिटरपेक्षा मोठ्या भांड्यात नसेल, तर परवान्याशिवाय ठेवता येते. म्हणजे तुमची दहा बॅरल आकड्याने कायद्यात बसतात. परंतु शेजारच्या दोघांनी आपली तीन-चार बॅरल तुमच्याच पडवीत आणून ठेवली की तुमच्या ताब्यातील साठा मर्यादेबाहेर जातो आणि जबाबदारी जागेच्या मालकावर येते. "आमचे आम्ही बघू" या शब्दाला तेव्हा किंमत राहत नाही. शेजाऱ्यांना नम्रपणे पण आजच नकार द्यावा. दुसरे असे की साठवलेले डिझेल विकण्याचा अधिकार तुम्हाला नाही. अडचणीत असलेल्या माणसाला पाच लिटर उसने देणे ही माणुसकी झाली, पण पैसे घेऊन डबे भरून देणे सुरू झाले की तो विनापरवाना व्यापार होतो आणि त्यावर जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्याखाली कारवाई होऊ शकते. बॅरल घेऊन पंपावर जाण्याआधी मालकाशी बोलून घ्यावे, शेतीचा उतारा आणि ट्रॅक्टरचे कागद जवळ ठेवावेत आणि पावती न चुकता घ्यावी. पेट्रोलची गोष्ट याहून कडक आहे. ते विक्रीसाठी नसले तरी एकूण ३० लिटरपर्यंतच परवान्याशिवाय ठेवता येते. गवत कापण्याच्या यंत्रासाठी ते आणत असाल तर डिझेलपासून दूर, वेगळ्या डब्यात ठेवावे.

आता पडवीविषयी, आणि हे मी सर्वांत कळकळीने लिहितो आहे. डिझेल पेट्रोलसारखे भडकत नाही, जळती काडी टाकली तरी विझते, असे गावात छातीठोकपणे सांगितले जाते. थंड डिझेलच्या बाबतीत ते पुष्कळदा खरे ठरते, आणि म्हणूनच ते फसवे आहे. आपल्याकडच्या मानकानुसार डिझेलचा ज्वलनबिंदू किमान ३५ अंश सेल्सिअस असावा लागतो. म्हणजे त्या तपमानाला पोहोचलेल्या डिझेलवर ठिणगीने पेट घेण्याइतकी वाफ तयार होऊ शकते. वैशाखात दुपारी पत्र्याच्या पडवीत किती तापते हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. त्या पडवीत सांडलेल्या डिझेलने भिजलेली गोणपाटे असतील, शेजारी चूल पेटलेली असेल आणि मुले खेळत असतील. अशी जागा मी एका डब्यासाठीही मान्य करणार नाही.

दोन बॅरलांसाठी घरापासून, गोठ्यापासून आणि गवताच्या गंजीपासून निदान पन्नास पावले दूर, विहिरीच्या उताराला नसलेली आणि पुराचे पाणी न पोहोचणारी जागा निवडावी. भरलेले बॅरलसुद्धा पुराच्या पाण्यात तरंगून वाहून जाते, कारण डिझेल पाण्यापेक्षा हलके असते. जागेवर सावलीसाठी छप्पर असावे, बाजू मोकळ्या असाव्यात, खाली लाकडी ओंडके द्यावेत आणि भोवती हातभर रुंदीचा मातीचा बांध घालावा, म्हणजे गळती झाली तरी ती शेतात किंवा पाण्यात जाणार नाही. बॅरल काठोकाठ भरू नये. ऊन तापले की २०० लिटर डिझेल तीन-साडेतीन लिटरने फुगते, तेव्हा दहा लिटरची जागा मोकळी सोडावी. जवळ दोन बादल्या कोरडी वाळू आणि शक्य असेल तर कोरड्या पावडरीचे अग्निशामक नळकांडे ठेवावे. आग लागलीच तर पाणी ओतू नये, कारण जळते डिझेल पाण्यावर तरंगत पसरते.

माझा स्वतःचा अनुभव पाण्याशी निगडित आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही एक बॅरल गोठ्याच्या वळचणीला उभे ठेवले होते. बूच घट्ट होते, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. बॅरलच्या वरच्या कडेच्या आत पावसाचे पाणी साचून बूच बुडत होते, हे कोणाच्या लक्षात आले नाही. दिवसा बॅरल तापते तेव्हा आतली हवा बाहेर पडते, रात्री निवते तेव्हा बाहेरची हवा आत ओढली जाते. आणि बुचावर पाणी असेल तर हवेऐवजी ते पाणी थोडे थोडे आत जाते. ऐन चिखलणीत ट्रॅक्टर वाफ्याच्या मधोमध बंद पडला. लागवडीला आलेल्या बाया तरव्याच्या पेंड्या हातात घेऊन बांधावर उभ्या राहिल्या आणि त्या दिवसाची त्यांची मजुरी देऊन आम्हाला त्यांना परत पाठवावे लागले. इंधन पंप खोलून बेळगावला न्यावा लागला, त्यात चार दिवस गेले. बॅरल आडवे निजवून दोन्ही बुचे एका आडव्या रेषेत आणि डिझेलच्या पातळीखाली ठेवली असती, किंवा उभेच ठेवायचे होते तर एका बाजूला वीट लावून ते थोडे कलते केले असते, तर हे टळले असते.

त्या वेळेपासून पाळत आलेल्या काही गोष्टी तुमच्या घरातल्यांना जरूर सांगा. डिझेल आणल्यावर एक दिवस निवळू द्यावे. हातपंपाची नळी तळापासून चार बोटे वर ठेवून वरचेच डिझेल काढावे. पंधरवड्यातून एकदा तळाचे थोडे डिझेल पांढऱ्या काचेच्या बाटलीत घेऊन तासभर ठेवावे. खाली पाण्याचा थर किंवा काळसर शेवाळासारखा गाळ दिसला तर ते डिझेल इंजिनात घालू नये. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे सूक्ष्म जंतू वाढतात आणि त्यांचीच ती बुळबुळीत घाण फिल्टर बुजवते. आपल्या पश्चिम भागातल्या दमट हवेत डिझेल सहा महिन्यांच्या वर ठेवू नये असे माझे मत आहे, आणि वर्षाचा साठा नको म्हणण्याचे तेही एक कारण आहे. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची टाकी वापरू नये, कारण जस्ताची डिझेलशी प्रक्रिया होऊन फिल्टर चोंदतो. नळी तोंडाने ओढून डिझेल काढण्याची सवय घरात असेल तर ती आजच बंद करावी. घशात गेलेले डिझेल फुप्फुसात उतरले तर जीवावर बेतते. असे कधी घडलेच तर उलटी करवू नये, थेट दवाखाना गाठावा.

पैसे वाचवण्याची इच्छा चांगली आहे, म्हणून ती कुठे फळते हेही सांगतो. ट्रॅक्टरच्या टाकीच्या किंवा नळीच्या जोडातून सेकंदाला एक थेंब गळत असेल तर दिवसाला चार लिटरच्या वर आणि वर्षाला १,५०० लिटरहून अधिक डिझेल मातीत जाते. वर्षभर इतके कोणी गळू देत नाही, पण हंगामातला एक महिना दुर्लक्ष झाले तरी शंभरावर लिटर जातात. जोड घट्ट करायला पाना आणि एक वॉशर लागतो. एअर फिल्टर साफ करणे, चहाला थांबताना इंजिन बंद करणे, चाकांतली हवा बरोबर ठेवणे यांतून मिळणारी बचत दर चढो वा उतरो, तुमचीच राहते. याशिवाय राज्याच्या २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात रैत शक्ती योजना जाहीर झाली होती. तीत डिझेलसाठी एकरी २५० रुपये, पाच एकरांपर्यंत, थेट खात्यावर देण्याची तरतूद होती. तुमच्या उताऱ्याची नोंदणी झाली आहे का, हे रैत संपर्क केंद्रात जाऊन एकदा विचारावे.

घरात कसे सांगावे, हे तुम्ही शेवटी विचारले आहे. "माझे सोने देणार नाही" या वाक्याने सुरुवात केलीत तर बोलणे सोन्यावर जाईल आणि डिझेल बाजूला राहील. जेवणे झाल्यावर दोघांना एकत्र बसवा, एका कागदावर १,८०,००० रुपये, २१,६०० रुपये व्याज आणि लिटरमागे १० रुपये ८० पैसे हे तीन आकडे लिहा आणि दर किती वाढेल असे त्यांना वाटते ते त्यांच्याच हाताने खाली लिहू द्या. त्यानंतर दोन बॅरलांची योजना मांडा. नुसता नकार ऐकण्यापेक्षा हातात एक काम मिळाले की पुरुषमंडळी लवकर शांत होतात. जागा पाहणे आणि बांध घालणे दिरांकडे सोपवावे.

घरी आलेल्या चार बॅरलांपैकी आत गंज नसलेली आणि पूर्वी फक्त डिझेल किंवा इंजिन ऑईल भरलेली दोन निवडावीत. औषधाच्या किंवा रसायनाच्या वासाचे बॅरल घेऊ नये. उरलेली दोन विकणाऱ्याला परत करावीत. तो घेत नसेल तरी ती पिण्याच्या किंवा आंघोळीच्या पाण्यासाठी, धान्यासाठी वापरू नयेत, आणि तोंड उघडण्यासाठी वेल्डिंगवाल्याकडे मुळीच नेऊ नयेत. रिकाम्या बॅरलात उरलेली वाफ कटरच्या ज्योतीने स्फोटासारखी पेटते. बुचे लावून, पडवीतून काढून ती भंगारवाल्याला द्यावीत आणि पूर्वी आत काय होते तेही त्याला सांगावे.